आम्ही पाचजण : पॅरिस ते ब्रेस्त आणि परत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांला नेमून दिलेला विषय 'सायकल आणि आरोग्य' असा होता. त्या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्यातील वैद्यांचा आहे आणि ते तो पुढेमागे अवश्य बजावतील. आज मात्र आम्ही थोडा आज्ञाभंग करणार आहोत. 2023 च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या मंडळातील पाचजण फ्रान्स देशात पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सायकलयात्रेस गेलो होतो. त्याविषयी त्या वर्षीच्या संमेलनात आणि स्मरणिकेत जे आले ते अपुरे होते, आणि ते अपुरेपण भरून काढणे हे आमचे कर्तव्य आहे असे आम्हांला वाटते. व्यासपीठावर बोलणारा एकटा उभा असला, तरी हे बोलणे तिघांचे आहे. तिघे म्हणजे ज्यांचा त्या वेळी याच सभागृहात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला ते. उरलेल्या दोघांना आम्ही काय बोलणार हे सांगितलेले नाही, याबद्दल त्यांची आधीच क्षमा मागतो.

प्रथम त्या यात्रेची थोडी ओळख करून देणे भाग आहे. 1891 साली 'ल पती जुर्नाल' या पॅरिसमधील वृत्तपत्राचे पियेर जिफार यांनी राजधानीपासून पश्चिम टोकाच्या ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत येण्याची सायकलशर्यत भरविली. सायकल ही तोवर पुष्कळांच्या लेखी उद्यानातील करमणूक होती. तिच्यावरून बाराशे किलोमीटर जाता येईल हेच लोकांना खरे वाटत नव्हते. दोनशेच्या वर स्वार निघाले. शार्ल तेराँ हा गृहस्थ सुमारे 72 तासांत, जवळजवळ झोप न घेता, पहिला परत आला. व्यावसायिक स्वारांची ही शर्यत दर दहा वर्षांनी होत असे. 1951 नंतर ती बंद पडली. तिच्या स्मरणार्थ चाकाच्या आकाराची एक मिठाई फ्रान्समध्ये निघाली, ती 'पारी-ब्रेस्त' या नावाने आजही हलवायांकडे मिळते. आम्ही ती खाल्ली. आपल्याकडच्या बालुशाहीची सर तिला नाही, हे आमचे खाजगी मत.

हौशी प्रवाशांसाठी मात्र 1931 पासून वेगळी यात्रा सुरू झाली आणि ती टिकली. हल्ली ती दर चार वर्षांनी भरते. 2023 मध्ये तीत सहा हजारांहून अधिक स्वार होते आणि भारतातूनही बराच मोठा मेळा गेला होता. येथे क्रमांक काढीत नाहीत, बक्षीस नाही. बाराशे किलोमीटरहून किंचित अधिक अंतर नव्वद तासांच्या आत पुरे करावयाचे. झोपणे, जेवणे, पंक्चर काढणे सारे त्याच नव्वद तासांत. जवळ एक पुस्तिका असते, तिच्यावर प्रत्येक नाक्यावर शिक्का घ्यावयाचा. दोन नाक्यांच्या दरम्यान आपल्या माणसाची मोटार बरोबर ठेवून मदत घेता येत नाही. एवढेच नव्हे, तर त्याच हंगामात 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरचे चार प्रवास अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत पुरे केल्यावाचून नावही नोंदविता येत नाही. हे चार प्रवास आम्ही पुण्याहून निघणाऱ्या रस्त्यांवर केले. साताऱ्याच्या वाटेवरील खंबाटकी घाट रात्री दोन वाजता सायकलवरून कसा दिसतो, हे मोटारीतून जाणाऱ्यांना सांगून समजणार नाही.

आमच्या पाचांत सर्वांत वडील म्हणजे ज्यांना आपण सर्वच काका म्हणतो ते. वय त्या वेळी 63. एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळात त्यांनी उमेदवारी केली आणि कामावर जाण्यायेण्यास निवृत्तीपर्यंत सायकलच वापरली. दुसऱ्या आमच्या बाई. शाळेत भूगोल शिकवितात, वय 47. तिसरे वैद्य. चौथा बँकेतील नोकर, ज्याच्याकडे वेळेचा हिशेब होता. पाचवा धाकटा, वय 29, अभियंता. अंगात रग इतकी की घाट आला की त्याला हाका मारून थांबवावे लागे.

आता संघाने सायकल चालविणे म्हणजे काय, हे ज्यांनी केलेले नाही त्यांच्यासाठी चार शब्द. पाचजण एकामागे एक असे चालतात की पुढच्याचे मागचे चाक आणि मागच्याचे पुढचे चाक यांत हातभर अंतर राहते. सायकलस्वाराचा मोठा शत्रू वारा. पुढचा माणूस वारा फोडतो आणि त्याच्या आडोशाने मागच्यांचे श्रम पुष्कळ कमी होतात. सपाट रस्त्यावर वेग चांगला असेल तर चतुर्थांशाने, कधी त्याहूनही अधिक. म्हणून पुढे राहण्याच्या पाळ्या लावतात. पुढच्याने काही मिनिटे वारा घ्यावयाचा, मग बाजूस सरून रांग पुढे जाऊ द्यावयाची आणि शेपटास लागावयाचे. पुढच्याने खड्डा, खडी, गतिरोधक हाताने दाखवावयाचे. मागच्याने मागून येणाऱ्या गाडीची वर्दी द्यावयाची. चाकाला चाक घासले तर पडतो तो मागचा, पुढच्याला पत्ताही लागत नाही. चढावर मात्र वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग उरत नाही आणि प्रत्येकजण आपल्या पायांवर येतो. संघ फुटतो तो घाटात. पंढरीच्या वाटेवर दिंडीत पताकावाले कोठे, टाळकरी कोठे, विणेकरी कोठे हे ठरलेले असते आणि त्यामुळेच शेकडो माणसे न विस्कटता चालतात. तसे काहीसे येथे असावे लागते.

या संघप्रवासाचीही एक जुनी परंपरा आहे, आणि तीत एक जुने भांडण आहे. 1897 साली इटलीतील काही सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंत 230 किलोमीटर एका दिवसात गेले. त्यांना 'औदाक्स' म्हणजे धाडसी असे नाव पडले. 1904 साली आँरी देग्राँज यांनी ही पद्धत फ्रान्समध्ये आणली. तिचा नियम असा की सर्वांनी एकत्र जावयाचे, पुढे मार्गनायक असतील, त्यांना ओलांडून कोणी जावयाचे नाही. आज त्या पद्धतीत ठरलेला वेग ताशी साडेबावीस किलोमीटर असतो. पुढे 1921 मध्ये देग्राँज आणि पॅरिसचे औदाक्स मंडळ यांच्यात बिनसले. मंडळाने मग निराळी पद्धत सुरू केली; मुदत तेवढी ठरलेली, बाकी ज्याने त्याने आपल्या गतीने जावे. 1931 साली पॅरिस-ब्रेस्तच्या वाटेवर दोन्ही पंथांचे प्रवासी होते. आम्ही गेलो ती यात्रा दुसऱ्या पंथाची. कोणी कोणासाठी थांबावे असा तीत नियम नाही, थांबू नये असाही नाही. आम्ही त्या मोकळ्या यात्रेत पहिल्या पंथाचा आचार पाळू पाहत होतो, आणि आमच्या पुढील साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी काकांच्या माडीवर बसून आम्ही एक करार लिहिला होता. चढाच्या माथ्यावर पुढच्यांनी थांबावे. नाक्यावर कोणासाठीही वीस मिनिटांहून अधिक थांबू नये. ज्याला पुढे जाणे अशक्य होईल त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावे; इतरांनी त्याच्याविषयी ते ठरवू नये. थांबणाऱ्याला सुरक्षित ठिकाणी पोहोचवीपर्यंत एकाने त्याच्याजवळ राहावे, आणि तो एक म्हणजे त्या दिवशी ज्याची पिछाडीची पाळी असेल तो. पाचही जणांनी सह्या केल्या. काका म्हणाले, "सही सोपी आहे रे, अक्षर आत्ता नीट येतंय म्हणून." त्या वेळी आम्ही हसलो.

रविवार दिनांक 20 ऑगस्ट 2023. पॅरिसजवळच्या रांबुये गावाहून सायंकाळी निघालो. सहा हजार लोक एकदम सोडीत नाहीत. सुमारे तीनशेंचा एक गट, त्यानंतर पंधरा मिनिटांनी दुसरा, असे सोडतात. अंधार पडल्यावर पुढे टेकड्यांवरून लाल दिव्यांची ओळ वर चढताना दिसत होती, तिचा शेवट दिसत नव्हता. तो देखावा पाहून भान राहत नाही, आणि आमचे राहिले नाही. कोणा वेगवान परदेशी स्वारांचा पन्नास-साठ जणांचा जथा बाजूने गेला आणि आमचा धाकटा त्यांच्या मागे लागला. धाकट्यामागे आम्ही. ताशी बावीसच्या हिशेबाने जावयाचे ठरविलेले आम्ही सत्तावीस-अठ्ठावीसने जात होतो. मागून काका "हळू, हळू" म्हणून ओरडत होते असे बाईंनी नंतर सांगितले. आम्ही पुढच्या तिघांनी ते ऐकले नाही. की ऐकू येऊनही ऐकले नाही, हे आज सांगणे कठीण आहे. मोर्तान्य गाव सुमारे 120 किलोमीटरवर. तेथे आम्ही ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचलो आणि हिशेब ठेवणाऱ्याने मोठ्या आनंदाने वहीत 'पाऊण तास जमा' असे लिहिले. ही वही अजून आमच्याजवळ आहे. काका तेथे बाकावर बसून मान चोळीत होते.

पहाटे व्हिलेन-ला-ज्युएल. त्या लहानशा गावात जत्रा भरल्यासारखी भरते. स्वाराच्या हाती पुस्तिका आणि सायकल असते म्हणून गावची शाळकरी पोरे जेवणाची ताटे उचलून मेजापर्यंत आणून देतात. वाटेवर घरोघर माणसे रात्री-अपरात्री मेज मांडून पाणी, कॉफी देत बसलेली असतात. ला तानिएर नावाच्या वस्तीत एक कुटुंब वर्षानुवर्षे स्वारांना घावनासारखे गोड क्रेप खाऊ घालते आणि मोबदला म्हणून एवढेच मागते की घरी पोहोचल्यावर एक चित्रपत्र पाठवा. आम्ही परतल्यावर पाच पाठविली, त्यांतील एक पर्वतीचे. शाकाहारी माणसाची उपासमार होते ही भीती खोटी ठरली. नाक्यांवर उकडलेला बटाटा, शेवया, पाव आणि चक्क तांदळाची खीर मिळते. बाईंनी घरून आणलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू मात्र सोमवारी दुपारीच संपले, कारण आम्ही ते अनोळखी लोकांनाही वाटले.

सोमवारी रात्री लुदेआक येथे तीन तास झोपलो. तेथे मोठ्या दालनात खाटा मांडलेल्या असतात, किती वाजता उठवावयाचे ते सांगून ठेवावे, स्वयंसेवक येऊन खांदा हलवितात. मंगळवारी ब्रेस्त गाठावयाचे होते.

या मंगळवारविषयी आम्हांला विशेष सांगावयाचे आहे, कारण निकालपत्रात तो कोठेही दिसत नाही. धाकट्याचे पोट सकाळपासून बिघडले होते. पहिल्या रात्रीची रग उतरली होती आणि तो पाण्याच्या घोटावर चालला होता. वैद्यांना सायकलवर बसल्या बसल्या डुलक्या येत होत्या, दोनदा ते रस्त्याच्या कडेच्या गवतात गेले. हिशेबनिसाचे गुडघे भरले होते. कारे नाक्यापासून ब्रेस्तपर्यंत सुमारे नव्वद किलोमीटर, मध्ये रॉक त्रेवेझेलचा लांबलचक चढ, आणि समुद्राकडून, म्हणजे अगदी समोरून, वारा. त्या नव्वद किलोमीटरांत पुढे राहण्याच्या पाळ्या मोडल्या. पुढे काका आणि बाई. काका थकले की बाई, बाई थकल्या की काका. आम्ही तिघे मागच्या चाकावर डोळे लावून होतो. "कुणी पुढे येता का?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. चढाच्या माथ्यावर करारानुसार दोघे आमच्यासाठी थांबले. धाकट्याला तेथे उलटी झाली, तेव्हा काकांनी त्याची पाठ धरली आणि बाईंनी त्याची सायकल. दुपारी तीनच्या सुमारास खाडीवरचा जुना पूल ओलांडून आम्ही ब्रेस्तमध्ये शिरलो, तेव्हा निघून 44 तास झाले होते. पुलावर पाचांचे छायाचित्र एका जपानी गृहस्थाने काढले. स्मरणिकेत जे छायाचित्र छापून आले ते हे नव्हे. ते शेवटचे, तिघांचे.

परतीच्या वाटेवर बुधवारी पहाटे लुदेआक सोडल्यावर काकांची मान पडू लागली. लांब पल्ल्याच्या स्वारांना हे कधी कधी होते. सायकलवर ओणवे असताना डोके वर उचलून धरणारे मानेचे स्नायू थकून एकाएकी काम सोडतात, मग हनुवटी छातीला टेकते आणि समोरचा रस्ता दिसत नाही. डोके काही केल्या उचलत नाही. वैद्यांनी पंक्चरसाठी आणलेली जादा ट्यूब काकांच्या शिरस्त्राणाला बांधून पाठीवरून ताणून धरली आणि तिच्या आधाराने काका तँतेनियाकपर्यंत, म्हणजे ब्रेस्तपासून सुमारे अडीचशे किलोमीटर मागे, आले. उतारावर ते एका हाताने हँडल धरीत आणि दुसऱ्या हाताने हनुवटी वर धरीत. धाकटा त्यांच्या पुढे राहून रस्ता मोठ्याने सांगत होता: डावीकडे वळण, पुढे पाणी, पुढे सपाट.

तँतेनियाकच्या नाक्यावर शिक्का घेऊन काका म्हणाले, "माझं झालं. तुम्ही निघा." कराराप्रमाणे त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. आम्ही कोणी "बघा अजून" असे म्हटले नाही, कारण तसे न म्हणण्याचेही ठरले होते. त्या दिवशी पिछाडीची पाळी बाईंची होती. त्यांनी आपल्या पिशवीतून काकांचे पारपत्र काढले, कारण कागदपत्रे त्यांच्याकडे असत, आणि आम्हांला म्हणाल्या, "वीस मिनिटं झाली तुमची."

आम्ही निघालो.

आज या वाक्याशी आम्हांला थोडे थांबावयाचे आहे. नाक्यावर प्रथमोपचार करणारे होते, स्वयंसेवक होते. काकांना रस्त्यावर सोडण्याचा प्रश्न नव्हता. परंतु त्यांना फ्रेंच येत नव्हते, मान वर होत नव्हती, आणि सायकलीसह रेन्न शहरास जाऊन पॅरिसची आगगाडी पकडावयाची होती. कोणीतरी राहणे जरूर होते. ते कोणी, एवढाच प्रश्न. वैद्य सांगतात की वैद्याने राहावयास हवे होते. माझा व्यवसाय तो, आणि मी चिठ्ठीवरील पाळीचा आधार घेऊन निघालो. ही टोचणी त्यांना आजही आहे आणि त्यांच्या अनुमतीनेच ती येथे सांगत आहोत. धाकटा म्हणतो, पहिल्या रात्री मी वेग वाढविला नसता तर मान पडलीच नसती. वैद्यांच्या मते असा कार्यकारणसंबंध छातीठोकपणे सांगता येत नाही. आठशे किलोमीटरनंतर 63 व्या वर्षी मान कशानेही पडू शकते. हिशेब ठेवणाऱ्याचे म्हणणे असे की करार होता म्हणूनच पाचहीजण अडकले नाहीत. आम्हा तिघांत यावर अद्याप एकमत नाही, आणि या व्यासपीठावर ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. करारात कोण थांबेल ते आम्ही लिहिले होते. थांबणाऱ्याची मुदत हुकली तर काय, हे लिहावयाचे राहिले होते. माडीवर बसून लिहिताना तशी कल्पनाच कोणाला आली नाही.

बाई अडीच तास थांबल्या. काकांना तपासून झाले, गाडीची व्यवस्था झाली, त्यांना रवाना केले, आणि मग त्या एकट्या निघाल्या. पुढच्या फुजेर नाक्याची वेळ टळून गेली होती. तेथल्या मंडळींनी त्यांना सर्व समजावून सांगितले असावे. बाईंना खुणांनी जेवढे कळले तेवढे कळले. त्यांनी खीर खाल्ली आणि त्या पुढे निघाल्या. बुधवारची रात्र त्यांनी एकटीने, पुढे कोणाचाही आडोसा नसताना, काढली. व्हिलेन येथे मेजे आवरली जात होती, तरी कोणीतरी त्यांना सूप दिले.

आम्ही तिघे गुरुवारी सकाळी 88 तास 20 मिनिटांनी रांबुयेस पोहोचलो. टाळ्या झाल्या, पदक मिळाले. काका आदल्या रात्रीच येऊन पोहोचले होते, गळ्यात पट्टा बांधून कुंपणाशी उभे होते. आम्ही जेवावयास चला म्हणालो. ते म्हणाले, "एक यायचीय." बाई 91 तास 40 मिनिटांनी आल्या. मुदतीहून एक तास चाळीस मिनिटे अधिक. ज्या अडीच तासांविषयी आम्ही आताच बोललो, त्यांचा आणि या एक तास चाळीस मिनिटांचा हिशेब श्रोत्यांनी मनात करावा.

निकालपत्रात अर्थातच आमची तिघांची नावे आहेत. त्यात यात्रा भरविणाऱ्यांचा काही दोष नाही. मुदत ती मुदत, आणि तशी ती नसती तर यात्रेला अर्थ राहिला नसता. येथे परत आल्यावर मंडळाने मोठ्या प्रेमाने सत्कार केला, तोही निकालपत्र पाहूनच. त्या दिवशी काका तिसऱ्या रांगेत बसले होते आणि बाई खाली पंगतीची व्यवस्था पाहत होत्या. आम्हांला त्याच वेळी बोलावयास हवे होते. शाल खांद्यावर पडली की माणसाची जीभ जड होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

यापुढील गोष्ट आमच्या कानी मागाहून आली. मंडळाच्या क्रीडानिधीतून आम्हां प्रत्येकास 15,000 रुपये साहाय्य मिळाले होते. साहाय्याच्या अर्जात, उपक्रम पुरा न झाल्यास रक्कम परत करावी, असे कलम आहे. ते आम्ही वाचून सही केली होती, तेव्हा कार्यकारी मंडळाने बेकायदा काही केले असे आमचे म्हणणे नाही. सर्वसाधारण सभेत एका सभासदाने पाच गेले आणि तीन पुरे झाले, तर दोघांच्या रकमेचे काय, असा प्रश्न विचारला. पैसा सर्वांचा आहे, गरजू विद्यार्थ्यांच्या वह्यापुस्तकांसाठीही तो लागतो, तेव्हा विचारणाऱ्याने गैर विचारले असेही नाही. परंतु काका आणि बाई यांनी त्याच आठवड्यात, कोणी पत्र पाठविण्यापूर्वी, रक्कम भरून टाकली आणि आम्हांला कळू दिले नाही. आम्हांला ते कळले स्मरणिकेच्या शेवटी छापलेल्या जमाखर्चावरून. जमेच्या बाजूस एक ओळ आहे: क्रीडासाहाय्य परतफेड, दोन, 30,000 रुपये. त्याच स्मरणिकेच्या पहिल्या पानांत आमचे तिघांचे छायाचित्र आहे. दोन्ही पाने आम्ही शेजारी ठेवून पाहिली.

मंगळवारी दुपारी त्या नव्वद किलोमीटरांत ज्यांच्या आडोशाने आम्ही ब्रेस्तला पोहोचलो, त्यांनी रक्कम परत करावयाची आणि आम्ही ती ठेवावयाची, हा हिशेब आम्हांला जुळविता आला नाही. कोणी म्हणेल, प्रत्येकाने आपापला अर्ज केला होता, प्रत्येकाची पुस्तिका वेगळी होती. होय, वेगळी होती. परंतु अर्जात उपक्रमाचे नाव म्हणून आम्ही पाचहीजणांनी, काकांच्या सांगण्यावरून, एकच शब्दयोजना लिहिली होती: 'पाचजणांचा सांघिक सायकलप्रवास'. अर्ज मंडळाच्या कार्यालयात आहेत, चिटणीसांनी ते पाहावेत. सांघिक प्रवास पुरा झाला असेल तर पाचांचा झाला, आणि झाला नसेल तर पाचांचा झाला नाही.

म्हणून आम्ही तिघांनी आमचे प्रत्येकी 15,000 रुपये आज सकाळी कोषाध्यक्षांकडे भरले आणि पावत्या घेतल्या. ते घेण्यास तयार नव्हते; आमच्या हट्टामुळे त्यांनी घेतले. कलमाचा अर्थ काय लावावयाचा हे कार्यकारी मंडळाने सवडीने ठरवावे. पाचांना द्यावयाचे ठरले तर आम्ही आनंदाने घेऊ, न ठरले तर निधीत राहू द्यावे. फक्त पुढील स्मरणिकेच्या जमाखर्चात त्या ओळीत 'दोन' च्या जागी 'पाच' पडावे, एवढी विनंती आहे. आणि जागा असल्यास ब्रेस्तच्या पुलावरचे छायाचित्र छापावे. ते थोडे तिरपे आले आहे, कारण काढणाऱ्या गृहस्थांनाही झोप अनावर झाली होती.

यात्रेचे पुढील आवर्तन 2027 मध्ये आहे. बाईंनी सराव सुरू केला आहे. दर रविवारी पहाटे साडेपाचला कात्रजच्या बोगद्यापाशी भेटावयाचे असते आणि आपल्या मंडळातील ज्या मुलामुलींना यावयाचे असेल त्यांनी दिवे तपासून यावे. काका वैद्यांच्या सल्ल्याने आता लांब जात नाहीत. खेड-शिवापूरपर्यंत येतात, चहा घेतात आणि नवीन आलेल्यांना रांगेत चालावयास शिकवितात.

पाचही पुस्तिका प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर मांडल्या आहेत. काकांच्या पुस्तिकेवर शेवटचा शिक्का तँतेनियाकचा आहे, त्यापुढची घरे कोरी आहेत. बाईंच्या पुस्तिकेवर शेवटच्या घरात शिक्का नाही, तेथे कोणा स्वयंसेवकाने हाताने वेळ लिहून खाली सही केली आहे; ती सही आम्हांला अद्याप वाचता आलेली नाही. कागद पावसाने आणि घामाने जीर्ण झाला आहे, तेव्हा पाहताना कृपया सांभाळून उलटावा, आणि पुस्तिका जेथून घेतली तेथेच ठेवावी.